आरोग्य विमा योजनांतील गळती : कारणे आणि उपाय

सरकारी आरोग्य विमा योजनेत नाव नोंदविलेले कुटुंब मुदत संपल्यावर नूतनीकरण करीत नाही, तेव्हा त्यास सभासदांची ‘गळती’ असे म्हणतात. विमा म्हणजे अनेकांच्या वर्गणीतून थोड्यांच्या संकटाचा भार उचलण्याचा व्यवहार. धडधाकट माणसे बाहेर पडली की मागे आजारीच अधिक उरतात, हप्ता वाढतो आणि आणखी काही कुटुंबे दूर जातात. त्यामुळे गळतीचा फटका राहिलेल्यांनाही बसतो.

हप्ता आणि हंगाम

केंद्र सरकारने 2003 मध्ये सार्वत्रिक आरोग्य विमा योजना आणली. पाच जणांच्या कुटुंबासाठी दिवसाला दीड रुपया, असा तिचा हिशेब होता. संरक्षण 30 हजार रुपयांचे होते. दिवसाचा दीड रुपया अल्प वाटतो. परंतु वर्षाचे 548 रुपये एकरकमी भरावे लागत. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात रिठदसारख्या गावी शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन वा तूर विकल्यावर. विम्याची मुदत या हंगामाकडे पाहून संपत नाही. शिवाय वर्षभर कोणी आजारी पडले नाही, तर भरलेले पैसे वाया गेले, अशीच भावना घरात होते.

दरवर्षीची नोंदणी

1 एप्रिल 2008 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत हप्ता सरकार भरत असे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने नोंदणीसाठी केवळ 30 रुपये द्यायचे होते. मात्र नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागे. पथक ठरल्या दिवशी गावात येई. छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन स्मार्ट कार्ड देई. त्या दिवशी जे कामासाठी परगावी असत, त्यांची संधी हुके. म्हणजे रक्कम नाममात्र करूनही गळतीची वाट उघडीच राहिली.

लाभ दिसत नाही

ताप, खोकला, मधुमेह वा रक्तदाबाची रोजची औषधे यांवरच घरातला पैसा सतत खर्च होतो. या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उचलतात. त्यातही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी खेड्यातून शहर गाठावे लागते. प्रवास, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच येतो. एखाद्याला कार्ड असूनही पैसे भरावे लागले, तर ती वार्ता गावभर होते आणि विश्वास उडतो.

नोकरीबरोबर जाणारे संरक्षण

कर्मचारी राज्य विमा योजनेत गळतीचे कारण वेगळे आहे. नोकरी सुटली की वर्गणी थांबते व काही काळाने लाभही संपतो. 21 हजार रुपयांची वेतनमर्यादा ओलांडणाराही वर्गणीचा कालावधी संपताच बाहेर पडतो.

महाराष्ट्रातील बदल

राज्याने 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली व 2013 मध्ये ती राज्यभर नेली. तीत पिवळी वा केशरी शिधापत्रिका हीच पात्रता ठरली. वार्षिक नोंदणी व शुल्क उरले नाही. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. 1 जुलै 2024 पासून राज्यातील सर्व कुटुंबांना तीत दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.

नूतनीकरण विसरल्याने होणारी गळती यामुळे थांबली. परंतु शिधापत्रिकेत नवी सून वा बाळाचे नाव नसणे, आधारवरील नाव न जुळणे, या कारणांनी पात्र माणूसही ऐनवेळी अडतो. ही उणीव रुग्णालयाच्या दारात लक्षात येते, तेव्हा धावपळीला वेळ नसतो.

म्हणून शिधापत्रिकेतील नावे व आयुष्मान कार्ड आधीच तपासून घ्यावे. रुग्णालयात प्रथम आरोग्यमित्राला भेटावे. अधिक माहिती 155388 या क्रमांकावर मिळते. लोक विम्याला कंटाळतात, असे म्हणणे सोपे आहे; प्रत्यक्षात योजनेच्या रचनेतील अडथळेच त्यांना बाहेर लोटतात, हे वरील अनुभवावरून दिसते.