सॉरी, रिग्रेट आणि फरगिव्ह

आपण दिवसातून दहा वेळा सॉरी म्हणतो. लिफ्टमध्ये धक्का लागला, सॉरी. मेलला उशिरा उत्तर दिलं, सॉरी. पण हापिसात कोणी 'प्लीज फरगिव्ह मी' म्हटलेलं ऐकलंय? लोक दचकून बघतील! हा शब्द जड का वाटतो, ते या शब्दांच्या इतिहासात शोधलं तर गंमत कळते.

'सॉरी'चं नातं 'सोअर'शी, म्हणजे दुखऱ्या जागेशी. सॉरी म्हणणारा स्वतःला काय वाटतंय ते सांगतो. 'अपॉलॉजी'चं मूळ ग्रीक 'अपोलोगिया', म्हणजे बचावाचं भाषण. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस माफी मागतच नाही, कोर्टापुढे आपली बाजू मांडतो. 'फरगिव्ह'मध्ये मात्र 'गिव्ह' आहे, देणं. कर्जमाफीलाही इंग्रजीत 'लोन फरगिव्हनेस'च म्हणतात. कर्ज सोडायचं की नाही, हे ज्याचं येणं आहे तोच ठरवणार. देणेकऱ्याच्या हातात एवढंच, की देणं कबूल करायचं.

सरकारं नेमकी इथेच अडखळतात. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडून नेली गेली. त्याबद्दल १९९९ साली संसदेत पंतप्रधान जॉन हॉवर्ड 'रिग्रेट'पर्यंत आले, सॉरी म्हणायचं टाळलं. १३ फेब्रुवारी २००८ ला केविन रड यांनी तो शब्द उच्चारला.

ब्रिटनचं बघा. १९७२ साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला. २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरॉन त्याबद्दल सॉरी म्हणाले आणि जबाबदारी सरकारची, हेही मान्य केलं. हेच कॅमेरॉन २०१३ मध्ये जालियनवाला बागेत आले, घटना लाजिरवाणी म्हणाले, पण माफी मागितली नाही. २०१९ मध्ये, हत्याकांडाला शंभर वर्षं होताना, थेरेसा मे यांनी 'जे घडलं' त्याबद्दल रिग्रेट व्यक्त केलं. केलं नाही हं, घडलं!

पावसाने मॅच रद्द झाली तरी रिग्रेट म्हणता येतं. त्यात कर्ता लागत नाही. आणि कर्ताच नसेल तर समोरच्याने माफ तरी कोणाला करायचं?

असो. सॉरी म्हटलं म्हणून माफी मिळतेच असं नाही. ती द्यायची की नाही हे डेरीतली आणि अमृतसरमधली घरंच ठरवणार. पण निदान मागायला तरी कोणीतरी समोर यायला हवं ना?