मुखदूषिकेपासून ‘नॉन-कॉमेडोजेनिक’पर्यंत

मुरमे येणाऱ्या त्वचेसाठी कोणते प्रसाधन निवडावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे का, अशी शंका कुणी काढील. आम्हांला तो तसा वाटतो, कारण ही निवड बव्हंशी शब्दांवर विसंबून केली जाते. दुकानात गेलेल्या तरुणाला नळीतील मलम वाचता येत नाही. नळीवरील ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, ‘ऑइल-फ्री’, ‘आयुर्वेदिक’ असे दोन-चार शब्द तेवढे वाचता येतात. त्यांच्या भरवशावर तो पैसे मोजतो आणि आपला चेहरा स्वाधीन करतो. या शब्दांना इतिहास आहे, आणि त्याचा माग काढू गेल्यास वैद्यकातून भाषेत व भाषेतून थेट तुरुंगात जावे लागते.

आरंभ आपल्याकडून करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा अध्याय आहे. त्यात कफ, वात आणि रक्त यांच्या विकृतीने तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या पिडकांना ‘मुखदूषिका’ असे नाव दिले असून त्यांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिच्या खोडावरील रुंद बुडाचे, शंकूसारखे काटे ज्याने पाहिले असतील त्याला ही उपमा निव्वळ अलंकार वाटणार नाही; ते निरीक्षण आहे. चिकित्सास्थानात वमन सांगितले आहे, आणि लेप दोन प्रकारचे: वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा एक, किंवा धने, वेखंड, लोध्र व कोष्ठ यांचा दुसरा. निवड येथेही आहे. पण या ‘किंवा’चा निर्णय वैद्याने करावयाचा आहे. तो रुग्णाच्या हाती, म्हणजेच ग्राहकाच्या हाती येण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

नावांतील भेदही लक्षात घेण्यासारखा आहे. ‘मुखदूषिका’ म्हणजे मुख बिघडवणारी. हे नाव पाहणाऱ्याच्या नजरेतून आलेले आहे. ‘यौवनपिडका’ किंवा मराठीत रुळलेला ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द वयाकडे बोट दाखवतो आणि ज्याला त्या झाल्या आहेत त्याला थोडी क्षमाही करतो. पश्चिमेकडील ‘ॲक्ने’ या शब्दाची कथा याच्याशी जुळणारी आहे. सहाव्या शतकातील आमिदा येथील एटियस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात तो आढळतो. मूळ शब्द ‘अक्मे’, म्हणजे शिखर, ऐन भराचा काळ, असा असावा आणि नकलकाराच्या हातून ‘म’चा ‘न’ झाला असावा, असे अनेक कोशकार मानतात. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे. हस्तलिखितातील एक चूक आज जगभरच्या औषधांच्या वेष्टनांवर छापली जाते.

‘कॉमेडो’ हा शब्द तर याहून विलक्षण. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खादाड. बंद झालेल्या रोमकूपातून दाबून काढलेली बारीक पांढरट वळी अळीसारखी दिसे, म्हणून मांस खाणारी अळीच तेथे राहते अशी समजूत होती. आज आपल्याला ठाऊक आहे की वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक स्राव करतात, रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बसतात, बूच तयार होते, आत जंतू वाढतात आणि दाह होतो. बुचाचे काळे टोक म्हणजे मळ नव्हे. तो रंग मुख्यतः मेलॅनिनचा. म्हणून चेहरा खसखसून धुतल्याने तो जात नाही, उलट त्वचा चिडते. अळीची समजूत गेली, तरी ‘घाणीमुळे मुरमे येतात’ ही समजूत तिच्या जागी येऊन बसली, आणि तिच्यावर साबणांचा मोठा बाजार चालला.

आता तुरुंगाकडे वळू. विसाव्या शतकातील मुरमांच्या विज्ञानावर ज्या एका माणसाची छाप सर्वांत खोल आहे, तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्लिगमन. १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात त्याच्या देखरेखीखाली कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग झाले. कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते; अनेकांचे खटलेही अजून उभे राहायचे होते. मोबदला किरकोळ होता आणि अंगावर काय लावले जात आहे हे पुष्कळांना नीट सांगितलेले नव्हते. प्रसाधनांबरोबर डायॉक्सिनसारखे विषही त्यांच्या त्वचेवर लावले गेले. ‘रेटिन-ए’ या नावाने १९७१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रेटिनॉइन हे याच क्लिगमनचे मोठे यश; त्याच्या चाचण्यांतही हे कैदी होते. ॲलन हॉर्नब्लम याने १९९८ मध्ये हा सारा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. ग्रंथाचे नाव क्लिगमनच्याच उद्गारावरून घेतलेले आहे. तुरुंगात प्रथम शिरताना त्याला माणसे दिसली नाहीत, एकरच्या एकर त्वचा दिसली, सुपीक शेत पाहणाऱ्या शेतकऱ्याला दिसावी तशी. रूपक माणसाला कसे पुसून टाकू शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला आठवत नाही.

याच क्लिगमनने ओटो मिल्स याच्यासह १९७२ मध्ये ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ ही संकल्पना मांडली. चेहऱ्यावर लावण्याची क्रीमेच काही स्त्रियांत मुरमांना कारण होतात, हा तिचा आशय. काय लावावे या प्रश्नाशेजारी काय लावू नये हा प्रश्न आता ठामपणे उभा राहिला. परीक्षेची रीत अशी, की सशाच्या कानाच्या आतल्या बाजूस पदार्थ काही आठवडे लावावयाचा आणि रोमकूप किती तुंबले ते पाहावयाचे. पुढे घटकांना शून्य ते पाच असे गुण देणाऱ्या याद्या झाल्या. आपल्या खोबरेल तेलाला त्यांत चार गुण आहेत. पण सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार हळवा असतो, आणि सुटा घटक व तयार प्रसाधन यांतही अंतर असते. यादीत बदनाम असलेले घटक वापरूनही तयार प्रसाधन निरुपद्रवी असू शकते, हे ड्रेलोस आणि डिनार्डो यांनी २००६ मध्ये दाखवले. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दाला अमेरिकेत कायदेशीर व्याख्या नाही. उत्पादकाने तो कोणत्या परीक्षेवरून छापला हे वेष्टन सांगत नाही.

भारतात शब्दांचा झगडा वेगळ्या अंगाने झाला. केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीम औषध की प्रसाधन, हा वाद करआकारणीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने ते आयुर्वेदिक औषध मानले. म्हणजे एकाच नळीला कोणते नाव द्यावे हे वैद्याने नव्हे, अबकारी खाते आणि न्यायालय यांनी ठरवले. अधिक गंभीर कथा स्टेरॉइडयुक्त मलमांची. डाग आणि मुरमे यांवर ती औषधाच्या दुकानातून सर्रास नेली जात. आरंभी लाली ओसरते, पुढे त्वचा पातळ होते आणि स्टेरॉइडचीच मुरमे उठतात. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून ती अनुसूची एच मध्ये घालण्यास २०१८ साल उजाडले.

मग निवडावे कसे? शास्त्राचे उत्तर साधे आहे. सौम्य क्षालक, न तुंबवणारे मृदुकारक, उन्हापासून संरक्षण आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन किंवा सॅलिसिलिक आम्ल यांपैकी एखादे परीक्षित द्रव्य. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दोन-तीन महिने धीर. गरोदरपणी ॲडापलीन व ट्रेटिनॉइन टाळतात. गाठी किंवा व्रण होत असतील तर त्वचारोगतज्ज्ञच हवा. या उत्तरात चमत्कार नाही, म्हणूनच ते जाहिरातीत फारसे दिसत नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये होम्सबर्गबद्दल क्षमा मागितली. क्लिगमन २०१० मध्येच वारला होता, आणि कित्येक कैदीही तोवर हयात नव्हते. ट्रेटिनॉइन उपयोगी आहे. ते टाकून द्यावे असे आम्ही म्हणणार नाही, आणि तसे केल्याने त्या माणसांचे ऋण फिटणारही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की संहिता वाचताना आपण जे प्रश्न विचारतो, म्हणजे हे कोण म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि कुणाच्या जिवावर म्हणतो, ते बोटभर नळीवरील चार शब्दांनाही विचारावेत. वर्गातील सोळा-सतरा वर्षांची मुले हे शब्द आपल्याही आधी वाचू लागलेली असतात.