डोंगरातली मंडळी आणि दूरचे सोयरे



विडी कामगारांच्या युनियनमध्ये उमर घालवलेल्या माणसाने ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासावर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही ख्रिस्ती नव्हे, आणि पदवीधर तर नव्हेच. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, वर्गणीच्या पावत्या फाडून झाल्यावर. तेव्हा हा विषय आमच्या वाट्याला कसा आला ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात ओळखीचे एक वडीलधारे गृहस्थ कचेरीत आले. शहराच्या कडेला साठ-सत्तर घरांची एक लहान मंडळी आहे, तिचे ते वडीलजन. हातात पत्राचा खर्डा होता; परदेशातल्या एका मंडळीस पाठवायचे होते. “तुम्ही बाहेरच्या युनियनांशी पत्रव्यवहार केलाय, दादा, एवढं जरा नजरेखालून घाला,” म्हणाले. पत्रात पहिल्या दोन ओळी सलामाच्या, आणि तिसऱ्या ओळीपासून प्रार्थनामंदिराचे छप्पर. किती पत्रे, किती वासे, किती रुपये.

आम्हांला हसू आले नाही, कारण असले पत्र आम्हीही एकदा लिहिले होते. संपाचा दुसरा महिना होता. ओळख ना पाळख, एका परदेशी कामगार संघटनेला आम्ही थेट रकमेचा आकडा कळवला. उत्तर आले, पण त्यात पैशाचे नाव नव्हते. तुमचे सभासद किती, हजार विड्या वळायला किती तास लागतात, पाने आणि तंबाखू कोण देतो, बायकांच्या छातीच्या दुखण्याकडे कोण पाहते, असे पंधरा-वीस प्रश्न होते. आम्हांला ती टाळाटाळ वाटली. रागाने उत्तरच दिले नाही. पुढे कळले की ती माणसे आमची हकिकत आपल्या पत्रिकेत छापणार होती. दोष सर्वस्वी आमचा. त्यांना आमची ओळख हवी होती आणि आम्हांला फक्त आकडा दिसत होता.

म्हणून त्या वडीलजनांना आम्ही चहा पाजला आणि वाचलेली एक हकिकत सांगितली. तीच आज इथे सांगायची आहे.

इटलीच्या वायव्येस, तुरिन शहराच्या पश्चिमेला, आल्प्सच्या तीन-चार अरुंद दऱ्या आहेत. तिथे वाल्डेन्सियन नावाची एक चिमुकली मंडळी आहे. बाराव्या शतकात लिऑन शहरातल्या वाल्डो नावाच्या व्यापाऱ्याने आपली संपत्ती वाटून टाकली, शास्त्राचे भाषांतर लोकांच्या बोलीत करवून घेतले आणि पाद्री नसताना रस्त्यावर उपदेश सुरू केला. ११८४ साली पोपने त्याच्या अनुयायांना बहिष्कृत ठरवले. पुढे त्यांतले बरेचसे या दऱ्यांत येऊन राहिले. शेते उभ्या चढावर, बर्फ चार-पाच महिने, आणि वरती सव्हॉयच्या ड्यूकची सत्ता. अशा लोकांना परदेशात मित्र मिळाले कसे?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे ती अशी की, सुरुवात मागण्यापासून झाली नाही. १५३२ च्या सप्टेंबरात आंग्रोन्या दरीत शांफोरां या ठिकाणी त्यांची सभा भरली. स्वित्झर्लंडमधल्या सुधारणावाद्यांपैकी फारेल तिथे आला होता. तिथे त्यांनी सुधारणेच्या बाजूने कौल दिला, आणि आणखी एक ठराव केला: सबंध बायबल फ्रेंच भाषेत छापायचे, आणि खर्च आपण द्यायचा. ऑलिव्हेतां याने भाषांतर केले. तो कॅल्व्हिनचा चुलतबंधू. १५३५ साली नशातेलजवळ ते छापून झाले. आता गंमत पाहा. फ्रेंच ही या डोंगरी लोकांच्या चुलीपाशी बोलली जाणारी भाषा नव्हती. बायबलचा उपयोग त्यांच्यापेक्षा फ्रान्स आणि जिनिव्हाच्या लोकांना अधिक होता. तरी घोंगडी आणि चेस्टनट विकून जगणाऱ्यांनी पैसा दिला. जिनिव्हाशी त्यांचे जे नाते पुढे शतके टिकले, त्याची पहिली नोंद जमेच्या बाजूला यांची आहे.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. १६३० साली दऱ्यांत प्लेग आला. पाळक एकामागून एक गेले. हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेही उरले नाहीत. जिनिव्हाने पाळक पाठवले. उपकार मोठाच. पण आलेल्यांना इटालियन येत नव्हते. उपासना फ्रेंचमध्ये होऊ लागली आणि बघता बघता मंडळीची भाषा फ्रेंच झाली. दोनशे वर्षे ती तशीच राहिली. मित्राने मदत केली आणि घरातली बोली बदलून गेली. यात कोणाचाच दुष्टपणा नव्हता. आमच्याकडे मिशनच्या काळात मंडळ्यांत परदेशी चाली आणि परदेशी शिरस्ते आले, त्याच शहरात नारायण वामन टिळकांनी मराठी पदे रचून अभंग-कीर्तनाची वाट पुन्हा मोकळी केली, हे आपल्या नगरकरांना सांगायला नको.

आता १६५५. एप्रिलच्या २४ तारखेला ड्यूकच्या फौजांनी दऱ्यांत कत्तल सुरू केली. बायका-मुलांसुद्धा माणसे मारली, कड्यावरून लोटली. झां लेझे नावाचा पाळक निसटला, आणि त्याने जे केले ते आम्हां संघटकांना शिकण्यासारखे आहे. नुसता टाहो न फोडता त्याने कुठे, कोणाला, कसे मारले याच्या जबान्या गोळा केल्या आणि त्या बाहेर पोहोचवल्या. इंग्लंडात क्रॉमवेल सत्तेवर होता. त्याने देशभर उपवासाचा दिवस पाळवला, घरोघर वर्गणी केली, स्वतःचे दोन हजार पौंड घातले. अडतीस हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. परराष्ट्रांना जाणारी लॅटिन पत्रे लिहिणारा सचिव होता कवी मिल्टन. त्याने याच प्रसंगावर एक सुनीतही लिहिले. सॅम्युअल मॉर्लंड नावाचा वकील तुरिनला जाऊन ड्यूकला तोंडावर बोलला. परत जाताना त्याला लेझेकडून जुनी हस्तलिखिते मिळाली होती. ती आजही केंब्रिजच्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे या खेपेसही डोंगर रिकाम्या हातांनी उभा राहिला नाही.

पण त्या अडतीस हजारांतले सुमारे सोळा हजार पौंड इंग्लंडातच व्याजावर ठेवले होते, की दरसाल पाळक-शिक्षकांना पोटगी जावी. १६६० साली दुसरा चार्लस गादीवर आला आणि म्हणाला, बळकावून बसलेल्याची देणी आम्ही फेडत नाही. रक्कम गेली ती गेलीच. घरोघर फिरून लोकांनी दिलेला पैसा, राजाच्या पेटीत ठेवल्यामुळे बुडाला! आमच्या मते या हकिकतीतला हा सगळ्यांत व्यवहारी धडा आहे. लोकांशी मैत्री असेल तर ती राज्य बदलल्यावरही उरते. दरबाराची तेवढी टिकेलच असे नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण घड्याळ पुढे सरकते आहे. १६८६ साली पुन्हा फर्मान निघाले. हजारो तुरुंगात पडले, कित्येक तिथेच मेले. उरलेले ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून जिनिव्हाला पोहोचले, आणि जिनिव्हेकरांनी त्यांना घरात घेतले. १६८९ च्या ऑगस्टात हजाराच्या आतबाहेर माणसे आंरी आर्नोच्या पुढारीपणाखाली रात्री सरोवर ओलांडून, लढत लढत घरी परतली.

आमच्या मनात जास्त घर केले ते बेकविथने. हा इंग्रज लष्करी अधिकारी. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत एक पाय गमावलेला. गिली नावाच्या इंग्रज पाळकाने दऱ्यांत प्रवास करून १८२४ साली पुस्तक काढले होते. ते वेलिंग्टनच्या घरी वाट पाहत बसला असता बेकविथच्या हाती सहज पडले. १८२७ साली तो दऱ्या पाहायला गेला आणि पुढे तिथलाच झाला. लाकडी पायावर डोंगर चढून वाडीवाडीत त्याने शंभरावर शाळा उभ्या केल्या. तिथल्याच मुलीशी लग्न केले आणि १८६२ साली तिथेच देह ठेवला.

असा मित्र लाखात एक. आता त्याच्या मनात आले की, या मंडळीत इंग्लंडच्या धर्तीवर कायमचा बिशप असावा. इतक्या शाळा बांधणाऱ्याला नाही कोण म्हणणार? मंडळी म्हणाली. आमचा प्रमुख आम्ही सभेत निवडतो, तो ठरावीक मुदतीपुरता असतो, आणि तसाच राहील. बेकविथ दुखावला, काही काळ दूरही राहिला. पण परत आला. १८४८ साली राजा कार्लो अल्बेर्तोने या लोकांना नागरी हक्क दिले, तेव्हा पाळकांनी फ्लोरेन्सला जाऊन चांगले इटालियन शिकावे म्हणून खटपट करणारा हाच बेकविथ. प्लेगने नेलेली भाषा परत आणायला इंग्रजाचा हात लागला. त्या हक्कांच्या आठवणीने दरसाल १६ फेब्रुवारीच्या रात्री दऱ्यांत होळ्या पेटतात.

इथे आमच्या वडीलजनांनी विचारले, “पण दादा, हे सगळं घेणंच झालं की. देणं कुठंय?” प्रश्न रास्त होता. उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. १९४७ साली प्राली गावी तुल्लिओ व्हिनाय या पाळकाने ‘आगापे’ नावाचे केंद्र बांधायला घेतले, आणि कालपरवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली तरुण मुले दगड वाहायला आली. १९५१ पर्यंत काम झाले. इटलीत करदात्याला आपल्या करातला हजारी आठ हिस्सा कुठे जावा हे निवडता येते. वीस-पंचवीस हजारांच्या या मंडळीला सभासदांच्या कितीतरी पट लोक तो देतात, आणि मंडळी त्यातून पाळकांचा पगार वा उपासनेचा खर्च करीत नाही. तो पैसा देशातल्या आणि परदेशांतल्या समाजकार्याला जातो. २०१६ पासून लेबननमधल्या सीरियन निर्वासितांना कायदेशीर परवान्यावर विमानाने इटलीत आणण्याच्या कामात, इतर मंडळ्यांच्या आणि कॅथलिक संस्थेच्या जोडीने, हीच मंडळी आहे. ज्यांचे पूर्वज बर्फातून जिनिव्हाला गेले, त्यांनी विमानतळावर उभे राहून दुसऱ्यांना उतरवून घेतले.

मग आम्ही दोघांनी खर्डा पुन्हा हाती घेतला. परदेशी पैसा घ्यायचा तर २०१० चा कायदा आहे, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर खाते दिल्लीच्या ठरलेल्या बँक-शाखेतच उघडावे लागते, हेही त्यांना सांगितले. ते म्हणाले, मग छप्पर काढूनच टाका. पत्रात त्यांनी मंडळी कोणत्या साली सुरू झाली ते लिहिले, रविवारी किती मुले येतात, कोणती पदे टाळ-मृदंगावर म्हणतात, दुष्काळात विहीर कोणी खणली ते लिहिले. शेवटी चार प्रश्न विचारले: तुमच्याकडे तरुण येतात का, म्हाताऱ्यांना कोण पाहते, तुमचे पाळक आजारी पडले तर उपासना कोण चालवते, आणि आमच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी आम्ही कशाबद्दल प्रार्थना करावी?

पत्र दिवाळीनंतर गेले. छपराचे पत्रे मंडळीनेच वर्गणी काढून गेल्या महिन्यात बदलले. आमच्या युनियनमधले दोन सुतार एक रविवार तिथे वर चढले होते. उत्तर अजून आलेले नाही. वडीलजन दर शनिवारी कचेरीवरून जाताना दारातूनच हात हलवून नाही म्हणतात, आणि पुढे जातात.