अस्तर पुसलं गेलं, तेव्हा

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण आज अस्तर म्हणू. कोटाच्या अस्तराकडे कोण बघतं? याचंही तसंच झालं. विरशोनं १८५६ च्या सुमारास धमनीकाठिण्यात दाह असतो असं मांडलं होतं, पण पुढे लोकांचं लक्ष कोलेस्टेरॉलवर गेलं. अस्तर म्हणजे नळाला आतून मारलेला रंग, एवढीच त्याची किंमत.

ती बदलली एका चुकीमुळे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधं तपासत. असिटिलकोलीन घातलं की पट्टी आकसायची. गंमत अशी, की जिवंत प्राण्यात त्याच औषधानं वाहिन्या सैलावतात! हे कोडं बरीच वर्षं तसंच पडून होतं. १९७८ मध्ये सहायकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला आणि त्याच जातीच्या औषधानं पट्टी चक्क सैल पडली. खोलात गेल्यावर कळलं, की पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जायची आणि अस्तर निघून जायचं. म्हणजे इतकी वर्षं उत्तर हातानंच पुसलं जात होतं, बरं का! मग अस्तर नसलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी चिकटवून पाहिली, तर पहिलीही सैलावली. अस्तर काहीतरी सोडत होतं. हा निबंध १९८० चा. तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड निघाला, आणि १९९८ मध्ये फर्चगॉटना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं.

आता आपल्या रोगाकडे येऊ. रसेल रॉस यांनी सत्तरच्या दशकात मांडलं, की अस्तराला इजा होते तिथून धमनीकाठिण्य सुरू होतं. आधी वाटलं, अस्तर सोलून निघत असावं. पुढे दिसलं, की सुरुवातीला ते जागेवरच असतं. फक्त वागणं बिघडतं. पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, चरबीचे कण आत शिरून अडकतात.

माणसात हे १९८६ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी पाहिलं. हृदयाच्या धमन्यांत असिटिलकोलीन सोडलं. निरोगी धमन्या रुंदावल्या, रोगट आकसल्या. नायट्रोग्लिसरीन दिल्यावर मात्र रोगटही उघडल्या. म्हणजे स्नायू धड होता, त्याला निरोप देणारं अस्तर गप्प झालं होतं. आणि अँजिओग्राफीत जेमतेम खडबडीत दिसणाऱ्या, एरवी ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिल्या असत्या, त्यांतल्याही बहुतेक आकसल्याच.