गिरणी, खोली आणि पागडी : गिरणगावातील भाडेकरूपण आणि मराठी साहित्याचे वाचन

एखाद्या शहरातील मुख्य उद्योग मंदावला की त्या परिसरातील घरभाडी उतरतात, असा अर्थशास्त्रातील सर्वसाधारण समज आहे. कामगार निघून जातात, खोल्या रिकाम्या पडतात आणि मालकाला भाडे कमी करावे लागते. मुंबईच्या गिरणगावात हा नियम एकदा बऱ्याच अंशी खरा ठरला आणि एकदा उलटला. १९२० च्या दशकातील मंदीत येथे नव्याने बांधलेल्या खोल्यांना भाडेकरू मिळेनात. १९८२ च्या संपानंतर मात्र गिरण्या एकामागून एक बंद पडत असताना खोलीचे मोल चढत गेले. या दोन काळांमध्ये भाडेकरूपणाचे स्वरूपच पालटले होते. ते पालटणे समजून घेतल्याखेरीज चाळीविषयीच्या मराठी साहित्याचे वाचन अपुरे राहते, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१

पहिल्या काळाकडे प्रथम वळू. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कार्यालयाने श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तीत ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. ही टंचाई दूर करण्यासाठी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना झाली. कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात नायगाव, डिलाईल रोड, शिवडी आणि वरळी येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची होती.

खोल्या तयार झाल्या तोवर कापड उद्योगाला उतरती कळा लागली होती. जपानी मालाची स्पर्धा, वेतनकपातीचे प्रयत्न, १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप आणि नंतरची जागतिक मंदी यांमुळे कामगाराचे उत्पन्न अनिश्चित झाले. बी.डी.डी. चाळींतील कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडे बांधकामखर्चाच्या मानाने कमी ठेवूनही त्या भरल्या नाहीत. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरण्यात आल्या. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत राजबंदी राहावेत, ही त्या मंदीची एक खूण मानता येईल.

त्या काळी खोली सोडणे कामगाराला फारसे जड जात नव्हते. संप लांबला की तो कोकणात किंवा घाटावर गावी जाई आणि गिरणी सुरू झाली की परत येई. खोलीवर त्याचा हक्क असा नव्हताच. भाडे थांबले की बिऱ्हाड हलत असे. नारायण सुर्वे यांच्या चरित्रातील एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. त्यांना वाढविणारे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे काम संपल्यावर गावी परतले आणि कोवळ्या वयातला नारायण शहरात निराधार उरला. गिरणीतील नोकरी संपली की शहरातील घरही संपते, हा त्या पिढीचा अनुभव होता.

२

हे समीकरण बदलले ते १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. थकबाकीच्या कारणावरून खाली करून मागायचे, तर सहा महिन्यांची थकबाकी आणि रीतसर नोटीस आवश्यक ठरली. पुढे किमती वाढल्या, पगार वाढले, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. खोलीची खरी किंमत भाड्यात दिसेनाशी झाली आणि ती पागडीत दिसू लागली. पागडी घेणे याच कायद्यान्वये गुन्हा होता, तरी व्यवहार राजरोस चालत. शहरात घर शोधताना माणसाची होणारी ही दमछाक भाऊ पाध्ये यांच्या ‘वैतागवाडी’चा विषय झाली.

कायद्याचे संरक्षण खोलीतील सर्वांना सारखे नव्हते. भाडेपावती ज्याच्या नावावर, तो भाडेकरू. गिरणगावातील खोलीत मात्र त्याच्याखेरीज अनेक जण राहत. नातेवाईक, गाववाले, खानावळीत जेवणारे आणि केवळ पथारीपुरती जागा घेणारे असे कितीतरी. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून चालविलेल्या बैठकीच्या खोल्या तर प्रसिद्धच आहेत. १९७३ च्या दुरुस्तीने परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. परंतु ताब्यातील जागा किमान एका खोलीइतकी असावी, अशी त्यात अट होती. पथारीवाला या अटीत बसतच नव्हता. गिरणगावातील भाड्याच्या बाजाराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुबळा घटक अशा रीतीने कायद्याबाहेर राहिला.

शंभर-दीडशे चौरस फुटांत एवढी माणसे मावत, याचे कारण गिरणीच्या पाळ्यांत होते. पहिल्या पाळीचे लोक बाहेर पडत तेव्हा रात्रपाळीचे झोपावयास येत. भोंगा जसा सांच्यावरचा वेळ वाटून देई, तसा खोलीतील वेळही वाटून देई. गिरणीच्या तीन पाळ्यांमुळे खोलीची धारणशक्ती वाढलेली होती.

३

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि हे वेळापत्रक मोडले. सगळ्या पाळ्यांची माणसे एकाच वेळी खोलीत आली. खोलीचे क्षेत्रफळ तेच राहिले, पण तीत राहणे अशक्य होऊ लागले. प्रथम बाहेर पडला तो पथारीवाला. त्याच्याकडून मिळणारी रक्कम थांबली आणि खानावळीचे गिऱ्हाईक गेले. खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर हा व्यवसाय उभा होता, तेच आता गावी निघून गेले. मंदीचा पहिला आघात चाळमालकावर किंवा पावतीधारक भाडेकरूवर झाला नाही. पोटभाड्याच्या आणि खानावळीच्या अनौपचारिक अर्थव्यवस्थेवर तो झाला आणि या अर्थव्यवस्थेचा भार मुख्यतः स्त्रियांच्या हातांवर होता.

मूळ भाडे मात्र उतरले नाही. १९४० च्या पातळीवर गोठलेल्या भाड्याला उतरण्यास जागाच नव्हती. बेकार कामगाराच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. वेतन नसतानाही तो घर टिकवून धरू शकला. संप इतका लांबण्यामागे गावाकडील आधाराइतकाच या स्वस्त भाड्याचाही वाटा असावा. परंतु संप फसला, १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने हाती घेतले आणि हजारो कामगार परत कामावर घेतले गेले नाहीत. तेव्हा त्या कुटुंबांकडे विकण्याजोगे एकच उरले होते, ते म्हणजे खोलीचा ताबा. पागडी घेऊन खोली सोडायची आणि डोंबिवली, कल्याण, विरार अशा उपनगरांपलीकडच्या भागात घर घ्यायचे किंवा गावी परतायचे, ही वाट अनेकांनी धरली. १९८१ ते १९९१ या दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ८२ लाखांवरून ९९ लाखांवर गेली. मूळ शहर बेटाची लोकसंख्या मात्र ३२.८५ लाखांवरून ३१.७५ लाखांपर्यंत घटली. या घटीला इतर कारणेही होती, तरी तिची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

येथे गिरणगावातील विपर्यास स्पष्ट होतो. उद्योग मरत होता, पण त्याच्या खालची जमीन महाग होत होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने आणि त्यातील २००१ च्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनींचा वाटा ठरविला. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वैध ठरविली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली. बेकार कामगार ज्या व्यवहारासाठी वीस वर्षे गुन्हेगार ठरत होता, तो व्यवहार आता विधिसंमत झाला. तोपर्यंत अनेकांच्या खोल्या हातच्या गेलेल्या होत्या.

४

मराठी समीक्षेने चाळीकडे प्रायः समूहजीवनाचे प्रतीक म्हणून पाहिले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) ही दृष्टी दृढ केली. ती चाळ मध्यमवर्गीयांची आहे आणि गोठलेल्या भाड्याचे स्थैर्य तिच्या विनोदाला पायाभूत आहे. बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील नायकासमोर भाड्याची खोली मिळविणे हाच जातीचा प्रश्न बनून उभा राहतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपानंतरच्या गिरणी कामगार कुटुंबाची एक खोली हेच संपूर्ण रंगस्थळ आहे. तीत कोंडलेली मुले एकमेकांना खात राहतात. पाळ्यांनी वाटून दिलेला वेळ नाहीसा झाल्यावर खोलीचे काय होते, याचे हे नाट्यरूप आहे. या तिन्ही कृतींतील ‘चाळ’ एक नाही, कारण त्यांतील भाडेकरूपण एक नाही.

तौलनिक अभ्यासाला येथे वाव आहे. १९४७ चा मुंबईचा कायदा गुजरात राज्य झाल्यावर तेथेही चालू राहिला. अहमदाबादच्या गिरण्या १९८० नंतर बंद पडत गेल्या तेव्हा तेथील ‘चाली’तील कामगारही याच कायद्याखाली राहत होता. परंतु तेथील जमिनीला मुंबई बेटाचा भाव नव्हता. कायदा एक, उद्योग एक, संकटही एकाच जातीचे. तरीही खोलीतून उभे राहणारे भांडवल वेगळे. गुजराती आणि मराठी साहित्यातील बंद गिरणीची चित्रणे शेजारी ठेवून वाचताना पावती कोणाच्या नावावर आहे आणि खोली विकता येते का, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या ५५६ भाडेकरूंना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांचा ताबा मिळाला. एकेकाळी भाडेकरूंअभावी रिकाम्या राहिलेल्या खोल्यांचा हा शंभर वर्षांनंतरचा हिशेब आहे. त्यात पावतीधारकाला स्थान मिळाले. रात्रपाळीवरून येऊन त्याच खोलीत पाठ टेकणाऱ्याची नोंद मात्र कोणत्याही पावतीत नाही. ती शोधायची तर साहित्याकडेच वळावे लागते.