पहिल्या महायुद्धातील नवी शस्त्रास्त्रे आणि पुणे परिसरातील पलटणी

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) मशीनगन, शीघ्रगती तोफा, विषारी वायू, विमाने आणि बिनतारी संदेशयंत्रणा यांचा एकत्रित व व्यापक वापर झाला. पुणे जिल्ह्याशी स्थापनेने, छावणीने किंवा नावाने जोडलेल्या ब्रिटिश भारतीय सैन्यातील अनेक तुकड्या या शस्त्रांना फ्रान्स, बेल्जियम आणि मेसोपोटेमिया (आजचा इराक) येथे सामोऱ्या गेल्या. त्यांपैकी दोन पलटणींचा पूर्वेतिहास शिरूर (घोडनदी) येथील छावणीशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

घोड नदीकाठचे शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांचे महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन याच्या नेतृत्वाखाली सुमारे ८०० जणांची फौज येथून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची लढाई झाली. या फौजेत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुणे ऑक्झिलरी हॉर्स हा रिसाला आणि दोन तोफा होत्या. पायदळाजवळ ठासणीच्या बंदुका होत्या. सराईत शिपाई अशा बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार काढू शके आणि शंभर पावलांपलीकडे नेमका नेम क्वचितच लागे.

पुढे ही पायदळ पलटण १०२ वी ग्रेनेडियर्स झाली, तर रिसाल्याचा वारसा ३४ व्या पुणे हॉर्सकडे आला. कोरेगावच्या लढाईत मोठ्या संख्येने सहभागी असलेल्या महार समाजाची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. महायुद्धामुळे सैनिकांची गरज वाढल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली. १९२१ मध्ये ती पुन्हा मोडण्यात आली.

दरम्यान युद्धाची साधने बदलली होती. १८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला. शिरूरच्या फौजेने रात्रभर पायी तुडवलेल्या अंतराएवढा प्रवास आता रेल्वेने खूपच कमी वेळात होऊ शकत होता.

मशीनगन व खंदक

हायरम मॅक्सिम याने १८८४ मध्ये तयार केलेली मशीनगन गोळी सुटतानाच्या धक्क्याचाच उपयोग करून पुढची गोळी आपोआप भरत असे. तिचा वेग मिनिटाला सुमारे ५०० ते ६०० गोळ्या इतका होता. सततच्या माऱ्याने नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचे वेष्टण असे. युद्धाच्या प्रारंभी भारतीय पायदळाच्या प्रत्येक पलटणीला अशा केवळ दोन तोफा मिळाल्या होत्या. काटेरी तारेचे कुंपण आणि त्यामागील मशीनगन यांमुळे उघड्या मैदानावरील हल्ला अत्यंत महाग पडू लागला. तोफांच्या माऱ्यापासून बचावासाठीही जमिनीत शिरावे लागले आणि दोन्ही बाजूंचे सैन्य खंदकांत स्थिरावले.

फ्रान्स आणि बेल्जियम

खडकी हे मुख्यालय असलेल्या ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (बॉम्बे सॅपर्स) २० व्या व २१ व्या कंपन्या १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्समध्ये दाखल झाल्या. पूल बांधणे, सुरुंग लावणे, खंदक खणणे ही सॅपर्सची मूळ कामे. तथापि २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू शापेल येथे त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखे हल्ल्यात उतरवण्यात आले. त्यांचे बहुतेक ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले आणि प्रशिक्षित कारागीर-सैनिकांची मोठी हानी झाली.

खंदकयुद्धासाठी लागणारे हातबॉम्ब सुरुवातीला पुरेसे नव्हते. त्यामुळे आघाडीवरील अभियंता पथकांनी मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक व लोखंडाचे तुकडे भरून ते तयार केले. वात पेटवून डबा फेकावा लागे. वेळेचा अंदाज चुकल्यास तो फेकणाऱ्याच्याच जिवावर बेते.

२२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने ईप्र येथे क्लोरीन वायूचा मोठा हल्ला केला. चार दिवसांनी प्रतिहल्ल्यास गेलेल्या लाहोर डिव्हिजनलाही या वायूला तोंड द्यावे लागले. त्या वेळी वायुरोधक मुखवटे उपलब्ध नव्हते. ओला कपडा नाकातोंडाला बांधणे एवढाच उपाय होता.

३४ व्या पुणे हॉर्सच्या स्वारांनाही घोडे मागे ठेवून खंदकांत उतरावे लागले. या रिसाल्याचे लेफ्टनंट फ्रँक डी पास यांनी २४ नोव्हेंबर १९१४ रोजी फेस्तुबेरजवळ शत्रूच्या चरात शिरून तेथील आडोसा उद्ध्वस्त केला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. घोडदळाच्या अधिकाऱ्याला हा सन्मान पायी लढून मिळाला, यातूनच युद्धाचे पालटलेले रूप स्पष्ट होते. १९१८ मध्ये पॅलेस्टाइनच्या मोकळ्या प्रदेशात मात्र या रिसाल्याला पुन्हा घोड्यांवरून मोहीम करता आली.

मेसोपोटेमिया आणि कुतचा वेढा

६वी (पुणे) डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओ येथे उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने पुढे गेली. परंतु नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफॉनच्या लढाईनंतर तिला माघार घ्यावी लागली. ७ डिसेंबर १९१५ पासून ती कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली.

सुटकेसाठी आलेल्या सैन्याला तुर्कांच्या खंदकांपुढे व मशीनगनपुढे वारंवार थांबावे लागले आणि त्या प्रयत्नांत सुमारे २३,००० जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. १०२ वी ग्रेनेडियर्सही याच मेसोपोटेमियाच्या आघाडीवर लढली.

वेढ्यातील सैन्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क बिनतारी यंत्राने टिकून होता. अनेक भारतीय सैनिक धार्मिक कारणांमुळे घोड्याचे मांस खात नव्हते. त्याबाबत भारतातील धर्मगुरूंची अनुज्ञा संदेशाद्वारे मागवण्यात आली. शत्रूची विमाने गावावर बॉम्ब टाकत, तर एप्रिल १९१६ मध्ये ब्रिटिश विमानांनी पीठ, साखर, मीठ अशा वस्तूंची पोती वरून टाकली. दळणासाठी जात्याचा दगडदेखील पॅराशूटने पोहोचवण्यात आला. वेढ्यात अडकलेल्या सैन्याला हवाई मार्गाने अन्न पुरवण्याचा हा जगातील पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. परंतु त्या काळच्या विमानांची वहनक्षमता अल्प होती. दोन आठवड्यांत पोहोचलेले सात-आठ टन सामान हजारो माणसांना अपुरे पडले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिक व अनुचर शरण गेले. वाळवंटातील पायपीट आणि कैदेतील हालांमुळे त्यांतील अनेक जण परतले नाहीत.

स्मारके आणि स्मृती

फ्रान्समधील न्यू शापेल येथील भारतीय स्मारकावर (१९२७) ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. बसरा येथील स्मारकावर मात्र भारतीय अधिकाऱ्यांचीच नावे देण्यात आली. साध्या शिपायांची पलटणवार केवळ संख्या नोंदवण्यात आली. मेसोपोटेमियात मराठा शिपाई मोठ्या संख्येने लढले असल्याने ही उणीव महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रातील काही गावांमध्ये युद्धावर गेलेल्यांची संख्या सांगणारे दगडी फलक आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे येथील स्मारक गावातील ४६ मृत सैनिकांची आठवण करून देते.

हेही पाहा

कोरेगाव भीमाची लढाई
कुतचा वेढा
मराठा लाइट इन्फन्ट्री
बॉम्बे सॅपर्स