खाल्लेलं अंगी का लागेना? गहू, ज्वारी आणि सिलिअ‍ॅक आजाराचा इतिहास

काही वर्षांपूर्वी येलदरीजवळच्या एका खेड्यातून बारा वर्षांची एक मुलगी आजीसोबत माझ्या दवाखान्यात आली. उंची आठ-नऊ वर्षांच्या मुलीएवढी, ओठ पांढरे, पोट थोडं फुगलेलं. हिमोग्लोबिन साडेसहा. आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, खाते चांगलं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही."

मी जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन सात. पुन्हा गोळ्या. असं जवळजवळ वर्षभर चाललं. ही चूक माझी होती. आम्ही शिकत असताना सिलिअ‍ॅक हा आजार युरोपातल्या मुलांचा, फार तर पंजाब-दिल्लीकडचा, असं डोक्यात बसलं होतं. ज्वारीच्या मुलखात तो दिसेल असं मला वाटलंच नाही. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी केली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झालं. मी सांगितलं, "हिचा गहू आजपासून बंद. कायमचा."

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्या काळात कुठं होता हा आजार? गहू खाऊन कोणी आजारी पडतंय होय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आज त्याचंच उत्तर देतो. हा इतिहास समजला की पथ्य का पाळायचं हेही आपोआप समजतं.

पोळी लाटतात, भाकरी थापतात

आधी आजार थोडक्यात समजून घ्या. गव्हाच्या कणकेला चिकटपणा आणि ताण देणारं जे प्रथिन असतं, ते ग्लुटेन. त्यामुळेच पोळी पातळ लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरी गरम पाण्यात मळून थापावी लागते आणि पीठ जुनं असेल तर ती चिरते. गव्हाशिवाय जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिनं असतात.

सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. निरोगी आतड्याचं अस्तर आतून मखमलीसारखं असतं. त्या बारीक बारीक केसाळ उंचवट्यांतूनच अन्न शोषलं जातं. या आजारात ती मखमल झिजून सपाट होते. सर्वांत जास्त मार आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला बसतो आणि लोह नेमकं तिथेच शोषलं जातं. म्हणून त्या मुलीला मी दिलेल्या गोळ्या वाया जात होत्या. जुलाब झालेच पाहिजेत असंही नाही. न वाढणारी उंची आणि न हटणारा रक्तक्षय एवढीच लक्षणं असू शकतात.

टोस्ट चालेल, भात नको!

हा आजार जुना आहे. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी अरेटियस या ग्रीक वैद्याने अन्न न पचता बाहेर पडणाऱ्या, खंगत जाणाऱ्या रोग्यांचं वर्णन केलं होतं. 'सिलिअ‍ॅक' हे नाव पोटासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं.

आधुनिक वर्णन केलं लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनी. १८८७ साली त्यांनी लहान मुलांच्या रुग्णालयात व्याख्यान दिलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. हा रोग बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखलं. पण कोणत्या आहाराने? त्यांनी भात आणि साबुदाणा बंद करायला सांगितला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल असं लिहिलं! आज आपण बरोबर याच्या उलट सांगतो. एक मूल रोज शिंपल्या खाऊन छान सुधारलं आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा आजारी पडलं, हेही त्यांनी नोंदवलं आहे. श्रेय शिंपल्यांना मिळालं. ताटातून काय कमी झालं, ते कोणी पाहिलं नाही.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं खरोखर सुधारली. पुढे कित्येक वर्षं केळं हेच या आजाराचं औषध समजलं जाई. पण या आहारात पाव आणि इतर धान्यंही बंद होती. आपल्या अर्धापूर-वसमतकडची केळी कितीही गोड असली तरी त्यांनी हा आजार बरा होत नाही. पाव थांबल्यामुळे मुलं सुधारत होती.

दुष्काळाने दिलेलं उत्तर

कोडं सुटलं ते हॉलंडमध्ये. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. विलेम डिके काम करत होते. पाव बंद केला की मूल सुधारतं, हे एका आईने त्यांना सांगितलं, असं म्हणतात. १९३० च्या दशकापासूनच त्यांचा गव्हावर संशय होता आणि गहू वगळून ते मुलांवर उपचार करत होते.

मग १९४४-४५ चा हिवाळा आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या हॉलंडचा धान्यपुरवठा तुटला. लोक बीट आणि ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, हजारो माणसं भुकेने मेली. अशा दिवसांत डिके यांची सिलिअ‍ॅकची मुलं मात्र बरी होती. विमानांतून मदतीचा पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. मुलांना कोणतं धान्य दिल्यावर काय होतं, हे डिके यांनी पद्धतशीरपणे तपासलं आणि १९५० साली प्रबंधात मांडलं. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांबरोबरच्या कामातून दोष गव्हाच्या ग्लुटेनकडे असल्याचं स्पष्ट झालं. १९५० च्या दशकातच आतड्याचा तुकडा काढून तपासायची सोय झाली आणि झिजलेली मखमल डोळ्यांनी दिसली. १९९७ मध्ये टीटीजी या प्रथिनाची ओळख पटली. आज आपण रक्तातून करतो ती तपासणी त्यावरच आधारलेली आहे.

आणि आपल्याकडे?

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सिलिअ‍ॅक आजारावर दिल्लीच्या डॉक्टरांचा शोधनिबंध १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याच वर्षी भारताने मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं आणि हरितक्रांती सुरू झाली.

आपल्या भागात तेव्हा पूर्णा नदीवर येलदरीचं धरण बांधलं जात होतं. १९६८ मध्ये ते पूर्ण झालं. येलदरीत अडवलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांत. रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते, गव्हाला मात्र पुन्हा पुन्हा पाणी द्यावं लागतं. ज्याच्या शेताला पाणी मिळालं, त्याला गहू घेता येऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. आजीला ती चांगली आठवत होती. पण मिलो ही ज्वारीच. म्हणजे आजीच्या लहानपणी पोळी सणावारी आणि दुष्काळातही पोटात ज्वारीच!

पुढे रेशनचं चित्र बदललं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये किलो झाला, २०२३ पासून तर मोफत. ज्वारी मात्र विकत. त्यात सकाळी चहासोबत बिस्किट, दुपारी पोळी, संध्याकाळी नूडल्स. सणाचा गहू रोजचा झाला.

याने काय फरक पडतो? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारताच्या तीन भागांतल्या २३,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली. या आजाराला लागणारी जनुकं तिन्ही भागांत साधारण सारखीच, म्हणजे तिघांतल्या एका माणसात होती. आजाराची रक्तातली खूण (टीटीजी तपासणी) मात्र उत्तरेत शंभरात एकाहून थोड्या जास्त लोकांत आणि दक्षिणेत हजारात एकात आढळली. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम.

म्हणून मी आजीला सांगितलं, "आजी, हा आजार होण्याची तयारी तुमच्या काळातही लोकांच्या रक्तात होती. ताटात गहू नव्हता." अर्थात तेव्हा तपासणीही नव्हती. 'अंगी लागत नाही' म्हणून गेलेली काही मुलं याच आजाराची असतीलही.

जात्याची गोष्ट

गहू बंद केल्यावर मुलगी झपाट्याने सुधारली. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेनऊ. मग गाडी अडली. भाकरीच खाते, बाहेरचं काही नाही, असं घरचे शपथेवर सांगत होते. मी विचारलं, ज्वारी दळता कुठे? गावच्या गिरणीत. ज्या जात्यातून आताच गहू निघाला, त्यातच ज्वारी. हे पीठ दिसायला ज्वारीचं, पण त्यात गहू मिसळलेला.

आजीने अडगळीतलं दगडी जातं काढलं, टाकी लावून घेतलं आणि फक्त ज्वारी-बाजरीसाठी ठेवलं. सहा महिन्यांनी मुलीचं हिमोग्लोबिन बारा झालं आणि वर्षभरात फ्रॉक आखूड होऊ लागले.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर एवढं सांभाळा:

• ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, दूध, अंडी, भाज्या, फळं चालतात. उपवासाचे बहुतेक पदार्थ चालतात.
• पोळी, रवा, मैदा, शेवया, कुरडई, पाव, बिस्किट, सातूचं पीठ, माल्ट घातलेली दुधाची पावडर बंद. सत्यनारायणाचा प्रसाद आणि पुरणपोळीसुद्धा. एक घासही नको.
• डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. पाकिटावरचे घटक वाचा.
• भाकरी थापताना गव्हाचं पीठ लावू नका. परात, तवा वेगळा ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नका.
• विकतच्या पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहिलेलं पाहा. आपल्याकडे त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हा नियम आहे. पण महागड्या पिठांची गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे.
• सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची टीटीजी तपासणी करून घ्या.

एक विनंती

हे वाचून लगेच गहू सोडू नका. बहुतेकांना गहू काहीही करत नाही. आणि तपासणीआधी गहू बंद केला तर रक्ताचा आणि आतड्याचा अहवाल खोटाच चांगला येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य.

मात्र तुमच्या मुलाची उंची खुंटली असेल, लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, जुलाब वारंवार होत असतील, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "सिलिअ‍ॅकची तपासणी करायची का?" डॉक्टर रागावणार नाहीत. मला कोणी हे वर्षभर आधी विचारलं असतं, तर त्या मुलीचं एक वर्ष वाचलं असतं.